टाचेला हिरवी लोकर

त्या दुपारी माझ्या नवऱ्याला सहा कॉटेज मिळणार होत्या, नाहीतर नणंदेला मागचा उतार, आणि चाखायला येणाऱ्या पाहुण्याला फक्त जेवण. तरी सगळ्यांच्या आधी येऊन बसला तो पाहुणाच.

'पाहुणा' हे नाव माझ्या सासऱ्यांनी पाडलेलं. तरुणपणी तो आमच्या द्राक्षमळ्यावर एका तोडणीपुरता कामाला आला आणि तीन तोडण्या राहिला. मागच्या उतारावरच्या वेली त्याने आणि ताईंनी मिळून लावल्या. ताई म्हणजे माझी नणंद, यांची थोरली बहीण. मग शहरातून नोकरीचं पत्र आलं आणि पाहुणा गेला. जाताना काय बोलला ते ताईंनी कधी सांगितलं नाही, त्यावरून काहीच बोलला नसावा असा माझा हिशोब. पुढे तो वाइन चाखून गुण देणारा मोठा माणूस झाला. इतका कडक, की स्वतःच्या लग्नातल्या वाइनलाही वीसपैकी दहाच दिले असते, असं लोक म्हणायचे. लग्न केलंच नाही, म्हणून ती वाइन वाचली.

उतार पिकायचा कमी, राबवायचा जास्त. तिथल्या वेली उपटून यांना पर्यटकांसाठी कॉटेज बांधायच्या होत्या, आणि पडद्यांचं कापड मी मनात ठरवूनही टाकलं होतं. शेवटी बहीणभावात ठरलं: मळ्याच्या सहाही वाइन पाहुण्याने बाटल्या झाकून चाखायच्या. उताराची पहिली आली तर उतार राहील. नाही आली तर कुदळ.

बाटल्या झाकायला आमच्याकडे सासऱ्यांच्या काळापासून जुने मोजे वापरतात. बाटली मोज्यात उभी करायची, वर नुसती मान. हे काम माझं. पेटीत पाचच धड मोजे निघाले, सहावा उंदराने खाल्लेला. म्हणून ताईंच्या शिवणाच्या डब्यातला एक सुटा मोजा उचलला, नंबरांच्या चिठ्ठ्या बांधल्या आणि बाटल्या टेबलावर मांडल्या.

पाहुणा पांढऱ्या कागदापुढे ग्लास धरायचा, फिरवायचा, नाक आत घालायचा, घोट तोंडात घोळवून बादलीत थुंकायचा. दोन नंबरचा घोट मात्र त्याने गिळला. मग खिडकीबाहेर बघत राहिला आणि काहीतरी लिहिलं.

पाच नंबर चाखून गुण लिहिल्यावर त्याने बाटलीच उचलली आणि मोज्याची टाच आपल्याकडे वळवली.

"तिकडे लेबल नाहीये हो," हे म्हणाले.

"माहितीये."

ताईंचे कान लाल झाले. मला वाटलं, उकडतंय. पाहुण्याने कागदावर आधीचं खोडून नव्याने लिहिलं, सहावी चाखली आणि कागद यांच्या हातात दिला.

"पाच नंबर, सोळा! पहिला!" यांनी मोजा ओढून काढला. "अरेच्चा! ही समोरच्या सपाटीची. ही आपण लग्नाकार्याला पिंपाने देतो. असो, गुण ते गुण." दोन नंबरचा मोजा निघाला, तेव्हा आत उताराची बाटली होती. पंधरा.

ताई ग्लास गोळा करू लागल्या. "बरंच झालं. माझे गुडघे कुठे ऐकतायत आता."

"कागद इकडे दे," पाहुणा यांना म्हणाला.

"निकाल लागलाय, पाहुणे."

"निकाल मोज्याचा लागलाय. हा मोजा माझा आहे. टाच मी शेगडीवर वाळवताना जाळली होती, हिने रफू केली. घरात करडी लोकर नव्हती म्हणून हिरवी. मला वाटलं, हीच उताराची, अशी हिने मला खूण केलीय. पाचचे चौदा होते, ते सोळा केले. दोनचे सतरा होते, ते पंधरा."

"मी खूण करीन?" ताई ग्लास घेऊन तशाच वळल्या. "तीही तुझ्या मोज्याने? अरे, एक मोजा सोडून बाकी काय ठेवून गेला होतास तू इथे, की मी खुणा करीत बसेन?"

"मोठी माणसं जिभेने चाखतात असं ऐकलं होतं," हे म्हणाले. "इथे टाचेने चाखतात!"

"म्हण काय म्हणायचं ते. आजपासून मी गुण देणं बंद केलं, आणि का ते छापूनही देणार आहे. पण तू एकदा दोन नंबर चाख. वडिलांची जीभ थोडी तरी आली असेल ना तुझ्याकडे?"

यांनी रागानेच ग्लास तोंडाला लावला. दुसरा घोट राग विसरून घेतला. मग स्वतःच ग्लास पुन्हा भरला.

"बाबा असते तर ही बाटली लपवून ठेवली असती," अखेर म्हणाले. "सतराच आहेत. राहू दे तुझा उतार, ताई."

उतार राहिला. पाहुण्याने खरंच छापून दिलं आणि शहरातलं नाव घालवलं. आता छाटणीला येतो. ताई त्याच्या छाटणीला वीसपैकी नऊ देतात, आणि पुढच्या खेपेला ये म्हणतात.

त्या संध्याकाळी मोजा डब्यात परत ठेवायला नेला, तेव्हा उजेडात नीट पाहिला. जुनी हिरवी लोकर विटून मातकट झाली होती. तिच्यावरून नवे टाके होते, अगदी पोपटी. ती लोकर मी लगेच ओळखली. गेल्या हिवाळ्यात लेकीच्या टोपीसाठी आणली होती, आणि एक गुंडा कमी भरला म्हणून मी दुकानदाराशी भांडले होते.

तर असा हिशोब. यांनी कॉटेज सोडल्या, पाहुण्याने नाव सोडलं, ताईंनी काही सोडलंच नव्हतं. लोकर मात्र माझी गेली, आणि पडदेही.