पाचशेपासून सुरुवात

आमच्या केलर्सबर्गच्या नाणे मंडळात भाषण करायला कुणीही उभं राहायचं, पण सुरुवातीची बोली ठरवायची ती ऑर्विल हेस्लरनेच. चाळीस वर्षांत हा नियम कुणी कागदावर लिहिला नाही, म्हणून तो पाळला गेला. जे नियम लिहिले त्यांची चौकशी करू नका.

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी, अग्निशमन केंद्राच्या वरच्या हॉलमध्ये लिलाव असतो. पुकारतो मी, कारण माझा आवाज मोठा आहे. आणखी काही मोठं माझ्या नावावर नाही. ऑर्विल शेजारी बसून एकेका डबीवर भावाची चिठ्ठी लावायचा. डबी म्हणजे प्रतवारी झालेल्या नाण्याची. तुम्ही नाणं कंपनीकडे पाठवता, कंपनी त्याला एक ते सत्तरमधला आकडा देऊन पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये कायमचं बंद करते, आणि मग तुम्ही आयुष्यभर नाणं सोडून आकड्याकडे बघत बसता.

ऑर्विलची रीत साधी होती. बाजारभावाच्या निम्म्यावर सुरुवात. "मर्ल, पहिला हात स्वस्तात वर जाऊ दे रे. एकदा वर गेलेल्या हाताला खाली यायची लाज वाटते." चढ्या भावाने सुरुवात मागणाऱ्याला तो म्हणायचा, "विकायचं नसेल तर घरी ठेव ना. लोकांना कशाला दाखवतोस?"

मार्चमध्ये त्याची बायको मार्लिस गेली. मे महिन्यात घर विकायला निघालं, आणि ऑर्विलची रवानगी वृद्धाश्रमात, एका खोलीत ठरली. मुलगी जॅनेल कोलंबसहून येऊन सगळं आवरत होती. नाण्यांबद्दल ती म्हणाली, "बाबा, तिथल्या खणाला कुलूप नाही. मागच्या वर्षी एका बाईच्या बोटातली अंगठी गेली. सगळी नाणी लिलावात ठेवा. जे विकलं जाणार नाही ते तुमच्याबरोबर. चालेल?"

"चालेल," ऑर्विल म्हणाला.

हे मला फार उशिरा कळलं. तुम्हाला आधीच सांगून ठेवतो, म्हणजे निदान तुम्ही तरी माझ्यासारखे हसत बसणार नाही.

त्या तेवीस डब्यांतली एकच त्याला हवी होती. १९२३ चा चांदीचा डॉलर. चौसष्ट साली बँकांमधले चांदीचे डॉलर संपत आले तेव्हा हा पठ्ठ्या रांगेत उभा राहिला, आणि खिडकीपर्यंत पोचला तेव्हा पेटी रिकामी झाली होती. खिडकीतल्या मुलीने आपल्या पर्समधला एक काढून दिला. ती मार्लिस. पुढे दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला ती तो डॉलर खाण्याच्या सोड्याने घासून लख्ख करायची. नाणी जमवणाऱ्याच्या घरात याहून मोठा गुन्हा नाही. ऑर्विल चोपन्न वर्षं समोर बसून तो गुन्हा बघत राहिला आणि एकदाही बोलला नाही.

शेवटच्या आजारपणात तिनेच हट्ट धरला, आमच्या डॉलरची प्रतवारी करून आण. डबी परत आली. आकडा नाही, नुसतीच चिठ्ठी: साफ केलेलं. दवाखान्यातल्या खाटेवर मार्लिसने चष्मा लावून ती वाचली आणि म्हणाली, "बघ, माझं काम दिसलं त्यांना."

असं घासलेलं नाणं बाजारात चांदीच्या भावाने जातं. जेमतेम तीस डॉलर. मागून घ्यायचं कसं हे ऑर्विलला जन्मात जमलं नाही, पण भाव ठरवणं जमायचं. बावीस डब्यांवर त्याने नेहमीसारखे निम्मे भाव लावले. तेविसावीवर लिहिलं, पाचशे.

मी यादी वाचली आणि खजिनदार लॉइड पफाइफरला स्वयंपाकघरात ओढलं. लॉइड डोनट खात होता.

"हे बघ. साफ केलेला तेवीसचा. पाचशे."

"शून्य जास्त पडलं असेल."

"ऑर्विलचं? चाळीस वर्षांत कधी पडलंय?"

लॉइडने डोनट खाली ठेवला. त्याच्या बाबतीत ही गंभीर गोष्ट. "म्हणजे अडलाय तो. वृद्धाश्रमाचे पैसे कमी पडत असणार, आणि तोंडाने मागेल तर शपथ!"

"म्हणून असं मागतोय," मी म्हणालो. हे वाक्य माझंच. दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही.

पैसे गोळा करायला फिरवली ती टोपीही माझीच. चौदा जणांत अर्ध्या तासात पाचशे जमले. एवढ्या वेळात आमच्या मंडळाने कधी खुर्च्या मांडलेल्या नाहीत. नाणं नंतर ऑर्विललाच परत द्यावं असं कुणीतरी सुचवलं. लॉइड म्हणाला, "वेडा की काय? मदत केली असा नुसता वास आला तरी तो पैसे तोंडावर फेकेल. गुपचूप घ्यायचं आणि विसरायचं."

बावीस डब्या झपाट्याने गेल्या. ऑर्विल स्वस्थ होता. तेविसावी मी उचलली तेव्हा तो मागे रेलून चक्क गालात हसला. मला वाटलं, आशेने हसतोय.

"एकोणीसशे तेवीसचा डॉलर, साफ केलेला. पाचशेपासून सुरुवात."

लॉइडची बोलीची पाटी वर गेली.

ऑर्विल खुर्चीत पुढे झाला. "लॉइड," तो म्हणाला, "चिठ्ठी नीट वाच. साफ केलेलं आहे ते."

"वाचलीय."

"अरे, तीसचा माल आहे!"

"माझा पैसा, माझी पाटी. तू गप बस रे."

हॉलमध्ये हसू फुटलं. ऑर्विलने माझ्याकडे पाहिलं. विकणाऱ्याने स्वतःच्या मालावर बोली लावायची नाही आणि तो मागेही घ्यायचा नाही, हा नियम त्यानेच मंडळाला लिहून दिला होता. त्याचे डोळे भरले. मी म्हटलं, बिचाऱ्याला संकोच होतोय, लवकर मोकळं करावं. एरवी तिसऱ्या पुकाऱ्याआधी मी घोटभर पाणी पितो. त्या दिवशी नाही प्यायलो. हातोडा आपटला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

चौदा जणांच्या मालकीचं एक नाणं लॉइडच्या हिशेबात बसेना. तिसऱ्या दिवशी त्याने डबी फोडली आणि नाणं वितळवायला जाणाऱ्या चांदीच्या पोत्यात टाकलं. अठ्ठावीस डॉलर आले. प्रत्येकाला दोन-दोन परत मिळाले. लॉइड चोख माणूस आहे.

तीन आठवड्यांनी जॅनेलचा फोन. "मर्लकाका, बाबांचं ते तेविसाव्या नंबरचं नाणं कुणी घेतलं? मी दुप्पट देते. बाबा नीट जेवत नाहीत. मी कितीदा विचारलं, तेव्हा काल कुठे सांगितलं. ते परत येईल या हिशेबानेच भाव लावला होता म्हणे. मला सरळ सांगितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं का हो?"

मी चांदीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "कुठलं पोतं? मे महिन्यातलं? त्याच्या आता विटा झाल्या साहेब."

रविवारी वृद्धाश्रमात गेलो. ऑर्विल खिडकीपाशी बसला होता. मी सगळं सांगितलं: टोपी, चौदा जण, लॉइड, पोतं. तो म्हणाला,

"पाच हजार लावायला हवे होते."

"आम्ही गाडी विकली असती."

"विकली असती रे तुम्ही माठ्यांनी," तो म्हणाला. "मी नाण्याकडे बघून भाव लावला. समोर कोण बसलंय ते बघायला विसरलो." मग त्याने विचारलं, "बाकीच्यांना कळलंय?"

"नाही. फक्त मला."

"मग राहू दे. नावं सांग."

मी चौदा नावं सांगितली. तो एकेका नावाला मान हलवत होता. शेवटचं नाव माझं होतं. त्यालाही हलवली. मग भिंतीकडे तोंड करून आडवा झाला, आणि मी दार ओढून घेतलं.

पुढच्या शनिवारी हॉलमध्ये गेलो तर जो तो खिशातून एक कार्ड काढून दाखवत होता. टपालाने आलेली चौदा कार्डं, कापऱ्या अक्षरात, सगळ्यांवर एकच मजकूर: अगदी वेळेवर मदत केलीत, आभारी आहे, ऑर्विल. लॉइडने आपलं फ्रेममध्ये घातलं होतं.

"तुला आलं की नाही?" त्याने विचारलं.

"आलं," मी म्हणालो.

"मग तोंड कसलं पाडून बसलायस? चल, पुकार."

टेबलावर डब्या मांडलेल्या होत्या. भावाची चिठ्ठी एकीवरही नव्हती. पहिली डबी मी उचलली आणि कितीपासून सुरुवात करायची ते लोकांनाच विचारलं.