तेराव्याची आमटी

सुतकात फोडणी देत नाहीत, त्यामुळे म्हाळसाबाई गेल्यापासून सोपानरावांच्या घराला वासच उरला नव्हता. शेजारच्या बाया आळणी डाळ आणून ठेवत आणि त्यांची लेक सुषमा दोन घास चिवडून उठे. बसवत नव्हतं, निजवत नव्हतं. फडताळ उघड, बंद कर, पुन्हा उघड. दौंडला सासरी परत जाण्याआधी तिला आईचं काहीतरी बरोबर न्यायचं होतं. पण या बाईनं मागं ठेवलं होतं तरी काय? लुगडी आत्यानं कधीच वाटून टाकली होती. फोटो एकच, तोही कुणाच्या तरी लग्नातला, निम्मा चेहरा पदरात.

"अगं, जरा एका जागी टेक की," सोपानरावांची बहीण, भागुआत्या, वैतागून म्हणायची. "मांजर फिरल्यागत काय फिरतीस घरभर?"

मग एकदाची मसाल्याची बरणी सापडली. उन्हाळ्यात केलेला काळा मसाला, जवळजवळ गळ्यापर्यंत. इनामगावात म्हाळसाबाईच्या मसाल्याचं नाव होतं. कुणाकडे अवचित पाहुणे आले की वाटी घेऊन पोर धावे ती हिच्याचकडे, आणि वाटी कधी रिकामी परत जात नसे. भाजायला बसली की मात्र ती कुणाला जवळ फिरकू द्यायची नाही. "मिरचीचा खाट उठंल, लांब व्हा," म्हणून सगळ्यांना अंगणात पिटाळायची आणि एकटीच खोकत, नाक पुसत बसायची. सुषमाला दरसाल डबा भरून मिळायचा. त्यात काय आणि किती पडतं, हे विचारायची वेळच आली नाही. आता विचारणार कुणाला?

तिनं बरणी टॉवेलात गुंडाळून धान्याच्या कोठीमागं दडवली. चिमूट चिमूट घालून पुरवायची, कुणाला बोटभर द्यायची नाही, असा बेत. आई असती तर तोंडावर हसली असती, हे तिलाही ठाऊक होतं.

तेराव्याच्या सकाळी ती नवऱ्याला घ्यायला फाट्यावर गेली. दौंडची एसटी नेमकी उशिरा आली. परतताना गल्लीच्या तोंडाशीच वास आला. पुरणाचा, आणि त्यावर चढलेला फोडणीचा. इतक्या दिवसांनी! आई चुलीपुढं बसलीय असंच क्षणभर वाटलं आणि सुषमाचे पाय भराभर पडायला लागले. मग वास कशाचा आहे ते ध्यानात आलं आणि ती पळतच सुटली.

अंगणात दगडांच्या चुलीवर भलंमोठं पातेलं रटरटत होतं. शेजारी बरणी आडवी पडली होती, रिकामी. टॉवेल आत्याच्या खांद्यावर होता.

"आत्या, काय केलंस हे!"

"काय म्हंजी? आमटी केली. आन् कोठीमागं कुणी घातली हुती गं बरणी? हुडकून हुडकून जीव गेला माझा."

"माझी होती ती! मला न्यायची होती."

आत्यानं पळी पातेल्याच्या काठावर आपटली. "मंग म्हाळसाच्या तेराव्याला इकतचा मसाला घालू व्हय? तिच्याच दारात? गाव तोंडात शेण घालंल माझ्या."

सुषमा आत जाऊन भिंतीकडं तोंड करून बसली. नवरा बोलावून गेला, ती हलली नाही. बाहेर पंगत बसली, पोळ्या फिरल्या, आमटी फिरली. मग सोपानरावांची हाक आली. "सुषे, भाईर ये."

आई गेल्यापासून ज्यांनी नीट घास घेतला नव्हता ते आबा वाटी तोंडाला लावून आमटी पीत होते. मिशा भिजल्या होत्या, डोळे वाहत होते, आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. पंगतीतल्या बाया पदरानं नाक पुसत होत्या. कुणाला ठसका लागला होता आणि कुणाला रडू येत होतं, काही कळत नव्हतं.

"तिचीच हाय गं," आबा म्हणाले. "बस. गार व्हायच्या आत खा."

"आबा, मला ठेवायची होती."

"ठिवून काय केलं असतंस? तिनं कवा ठिवली?"

सुषमाला राग आला, तो कुणावर तेही कळेना. ती तशीच आबांच्या ताटाशी बसली आणि पोळीचा तुकडा आमटीत बुडवून तोंडात घातला. आई होती. सगळीच्या सगळी होती. सुषमाला जोराचा ठसका लागला, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

आत्या तांब्या घेऊन धावली. "पाणी पी, पाणी पी बाई."

सुषमानं तांब्या बाजूला सारला.

"नको," ती म्हणाली, "चव जाईल."