पापुकचं नाव

रोज सकाळी पापुक सेनीप ओसरीवर बसून ताडपत्रं पुसत आणि विद्यापीठात शिकणारी नात सुहैनी ते वाचतील ते टिपायला पुढ्यात वही घेऊन बसे. सहा वर्षं हे चाललं होतं. पापुक म्हणजे आजोबा. अख्खं गाव त्यांना तशीच हाक मारी. पहाटे कृत्तिका कुठे दिसल्या की पाऊस कधी येतो, कोणत्या साली तो चुकला, हे पूर्वजांनी ताडपत्रांवर कोरून ठेवलेलं. ती लिपी वाचणारा लोम्बोक बेटाच्या त्या भागात हा एकच म्हातारा उरला होता. छापील अक्षर मात्र त्यांना येत नसे, म्हणून विद्यापीठाच्या संमतिपत्रावर त्यांनी अंगठा उठवला. एवढ्या पंडिताचा अंगठा! बदल्यात मागणं एकच होतं.

"पोरी, छापशील तेव्हा माझं नाव घाल. असं वाचणारा कुणी होता, एवढं तरी मागे कळू दे."

तिने शब्द दिला.

सुहैनीने लिहिलेला निबंध तिचे विभागप्रमुख विर्यावन यांच्याकडे गेला आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे त्यावर नावं चढली. आधी त्यांचं, मग उपप्रमुखांचं, मग विर्यावनांच्या जावयाचं, ज्याने जन्मात ताडपत्र पाहिलं नव्हतं. सुहैनी सर्वांत शेवटी. पापुकचं नाव खोडलेलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच.

ती धीर करून विचारायला गेली. सर तळलेली केळी खात होते.

"तांदळाच्या पोत्यावर लावणी करणाऱ्याचं नाव असतं का गं? आम्हीही असंच शिकलो. पदवी हवीय ना तुला?"

पदवीच्या कागदावर सही त्यांचीच लागणार होती. सुहैनीने मान खाली घातली. या चोरीला तिथे पद्धत म्हणतात, म्हणून कुणाला लाजही वाटत नाही.

निबंध छापलेला अंक हाती आला तेव्हा पापुक अंथरुणाला खिळले होते. त्यांनी पान डोळ्यांजवळ धरलं.

"कुठाय माझं नाव? बोट ठेव बघू त्यावर."

सुहैनीने त्यांचं बोट धरून पहिल्याच नावावर टेकवलं.

"सगळ्यांच्या आधी?" म्हातारा हसला. "मोठ्या मनाची माणसं गं तुझी. त्यांना माझी दुवा सांग."

आठवड्याभरात पापुक गेले. ताडपत्रं पेटीत पडली, ती आता कुणाला वाचता येत नाहीत. सुहैनीने निरोप तेवढा पोचवला. विर्यावन सरांनी मान लववून ती दुवाही घेतली.