टाचेखालचा पत्रा

गाडी प्रेमलताची होती, हे आधी सांगितलं पाहिजे. तिचे वडील आनंदराव लष्करात ट्रक चालवायचे. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी फियाट घेतली आणि जाताना ती मुलाला न देता मुलीला देऊन गेले. मुलानं दोन क्लच जाळले होते. प्रेमलता मात्र चौदाव्या वर्षापासून वडिलांच्या शेजारी बसून इंजिनाचा आवाज ओळखायला शिकली होती. पुढे ती सीताबर्डीच्या एका शाळेत चित्रकला शिकवू लागली, लग्न होऊन हनुमाननगरात राहायला आली, तरी रोज शाळेत जायची ती त्याच गाडीनं.

ब्याऐंशी साली शहरातल्या मोटर क्लबनं रॅली जाहीर केली. नागपूरहून सिल्लेवानीचा घाट चढून छिंदवाडा आणि त्याच वाटेनं परत. ही बातमी घरी आणली ती तिच्या नवऱ्यानं, श्रीधरनं.

"तू चालव," तो म्हणाला. "मी बाजूले बसून नकाशा पाहतो."

"क्लबवाले बाईले चालवू देतील?"

"काहून नाही देणार? तुयासारखी गाडी चालवते कोण त्यांच्यात?"

लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण असं वाक्य ती त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होती. त्या रात्री तिला लवकर झोपच आली नाही.

घाटात उतरताना वळण आलं की ब्रेक दाबायचा आणि त्याच वेळी गियर खालचा टाकायचा. पण तेवढ्यात इंजिनाला थोडी रेस दिली नाही तर गाडी हिसका खाते, मागची चाकं घसरतात. उजवा पाय तर एकच. म्हणून वडिलांनी तिला शिकवलं होतं, चवड्यानं ब्रेक धरायचा आणि टाच वळवून अॅक्सिलरेटर दाबायचा. लष्करी ट्रकात ते जमायचं. फियाटमध्ये अॅक्सिलरेटर खोल आणि लांब, आणि प्रेमलताचं पाऊल लहान. टाच पोचायचीच नाही.

तिनं कागदावर आकृती काढली. अॅक्सिलरेटरवर अॅल्युमिनियमचा एक जाड पत्रा बसवायचा, तो ब्रेकच्या बाजूला थोडा पुढे आलेला, खाली लाकडी ठोकळा. श्रीधर विमा कंपनीत कारकून होता, हत्यारं त्यानं कधी धरली नव्हती, पण त्यानं आपणहून पत्रा कापून आणला. अंगणात गाडीचं दार उघडं टाकून दोघं जमिनीवर आडवे व्हायचे. तो टॉर्च धरायचा, ती मापं घ्यायची. एकदा त्यानं तिचं पाऊल हातात धरून खडूनं पत्र्यावर रेघ मारली आणि तिला गुदगुल्या झाल्या म्हणून दोघं इतके हसले, की सासूबाई, यमुताई, बाहेर येऊन पाहून गेल्या.

मग रोज संध्याकाळी हुडकेश्वरचा रस्ता. तिकडे तेव्हा शेतं होती, रहदारी म्हणजे एखादी बैलगाडी. ती वळणं घ्यायची आणि श्रीधर शेजारी बसून विचारायचा. टाच कधी वळवायची? आधी क्लच की आधी रेस? कान कशाकडे ठेवायचा? ती सगळं सांगायची. मध्येच तो म्हणायचा, "मले एकदा करू दे ना." ती उतरून त्याला जागा द्यायची. त्याचं पाऊल मोठं, टाच पत्र्याच्या खाली जायची. "जमेल हळूहळू," ती त्याला म्हणायची. आपल्या नवऱ्याला आपल्या आवडीची गोष्ट आवडू लागली, यापलीकडे तिच्या मनात काही आलं नाही.

रॅलीला आठवडा उरला असताना ती शाळेतून घरी निघाली होती. लोहापुलाच्या उतारावर एक सायकलरिक्षा आडवी आली. प्रेमलतानं चवड्यानं ब्रेक दाबला, टाच वळवली, आणि टाच पोकळीत गेली. खाली काहीच नव्हतं. गियर बसला तसा गाडीनं धडधडून हिसका खाल्ला, मागची चाकं किंचाळली. रिक्षा हातभर अंतरावर राहिली. रिक्षावाला शिव्या देत होता आणि ती स्टिअरिंग धरून तशीच बसून होती.

पत्रा निघाला असेल, असं तिला वाटलं. गाडी कडेला घेऊन तिनं वाकून पाहिलं. पत्रा जागेवर होता, घट्ट. पण तो खाली सरकवलेला होता. नवी भोकं पाडून नवे स्क्रू मारले होते.

ती तशीच नत्थूच्या गॅरेजला गेली. गाडीचं सगळं काम तोच करायचा.

"नत्थूभाऊ, हे कोणी केलं?"

"मीच तं केलं, बाई. काल रविवारी दुपारी. साहेबाच्या पायाच्या मापानं." तो हात पुसत म्हणाला. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याचा आवाज उतरला. "बाईनंच सांगितलं म्हणे साहेब. रॅलीत ते चालवून राहिले ना? देवतळे साहेबही संगं आले होते. ते नकाशा पाहणार म्हणत होते."

देवतळे म्हणजे क्लबचा चिटणीस आणि श्रीधरच्या ऑफिसातला वरचा साहेब.

श्रीधर घरी आला तेव्हा ती ओट्यावर बसली होती.

"पत्रा खाली काहून घेतला?"

तो चपला काढता काढता थांबला. "प्रेमा, मी सांगणारच होतो तुले."

"कधी?"

"ऐक तर. देवतळे म्हणाले, बायको चालवते अन् नवरा बाजूले बसते, लोक हसतील. ऑफिसात मले तोंड दाखवाव लागते. यावेळी मी चालवतो, पुढच्या वेळी तू. गाडी तं घरचीच आहे."

"चालवणारा म्हणून नाव कधी दिलं तुम्ही?"

त्यानं चपला उचलून भिंतीशी नीट लावल्या.

"कधी दिलं?"

"दिवाळीच्या आधी."

पत्रा त्यांनी दिवाळीनंतर बसवला होता. म्हणजे खडूनं रेघ मारली तेव्हा, हुडकेश्वरच्या रस्त्यावर तो एकेक प्रश्न विचारत होता तेव्हा, नाव देऊन झालेलं होतं. त्या सगळ्या संध्याकाळी ती स्वतः शिकत नव्हती, त्याला तयार करत होती.

यमुताई दारात येऊन म्हणाल्या, "जाऊ दे न वं पोरी. माणसाची फजिती करू नये चारचौघात."

प्रेमलतानं वळून पाहिलं. "आई, तुम्हाले माहीत होतं?"

यमुताई परत आत गेल्या.

किल्ली तिच्या पर्समध्ये होती. ती दिली नसती तर कोणी हिसकावून घेतली नसती. पण तिनं श्रीधरला ओळखलं होतं. अडवलं असतं तर तोच दुखावलेला म्हणून फिरला असता, आणि लोकांनी त्याच्याच खांद्यावर हात ठेवला असता. रविवारी पहाटे तिनं किल्ली टेबलावर ठेवली आणि कूस बदलून पडून राहिली. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. चोक जास्त ओढलाय, हे तिला अंथरुणातूनही कळलं.

तो रात्री आठला आला. धुळीनं भरलेला, खुशीत. सहावा आला होता. देवतळेंनी पाठ थोपटली होती. जेवताना तो सांगत सुटला, वाटेतला चहा, सावनेरजवळ चुकलेला फाटा. घाटाबद्दल विचारायचं नाही, असं तिनं दिवसभर ठरवलं होतं. तरी भाकरी वाढताना तिच्या तोंडून निघालंच.

"घाटात कसं झालं? टाच बसली?"

"अवं, काय सांगू," श्रीधर हसला. "पहिल्याच वळणावर अशी भीती वाटली, सगळं विसरलो. मग साधीच चालवली, ब्रेक दाबत दाबत. त्या पत्र्याचं काही कामच नाही पडलं."

ती भाकरी हातात धरून उभी राहिली. मग ती त्याच्या ताटात ठेवली आणि अंगणात जाऊन बसली. त्यानं हे लपवलं तरी असतं, असं तिला वाटलं. तिच्याकडून घेतलेली गोष्ट त्यानं वाटेतच टाकून दिली होती, आणि ते सांगताना त्याला काही वाटतही नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ती शहर बसनं शाळेत जाऊ लागली. श्रीधरनं दोनदा म्हटलं, पत्रा पुन्हा तुझ्या मापाला लावून आणतो. ती "हो" म्हणाली नाही, "नाही"ही म्हणाली नाही. घरातलं बोलणं-चालणं नीट सुरू होतं. पाहुण्यांना काही कळलं नसतं.

उन्हाळ्याच्या सुटीत जरीपटक्याचा एक कापडव्यापारी गाडी घेऊन गेला. श्रीधर संध्याकाळी घरी आला तेव्हा फाटकाजवळ फक्त तेलाचे डाग होते.

"गाडी कुठं गेली?"

"विकली."

"विकली? अन् मले विचारलं नाही?"

प्रेमलता मुलांच्या चित्रांचे कागद तपासत होती. "नाही," ती म्हणाली, आणि पुढचा कागद घेतला.