मांडवीच्या स्कूटरवरचा नारळ

मांडवीच्या किनाऱ्यावर आमच्या कंपनीच्या भाड्याच्या स्कूटर उभ्या असतात, विजेवरच्या. मोबाइलवरून कुलूप उघडायचं, हवं तिथे फिरायचं, परत आणून लावायची. त्यांच्या बॅटऱ्या बदलणं, त्यांच्यावर नजर ठेवणं हे माझं काम. पण रोज सकाळी पहिल्या स्कूटरच्या सीटवर हळदकुंकू वाहिलेला नारळ दिसायला लागला, आणि लोक अख्ख्या रांगेपासून लांब पळायला लागले. उताऱ्याला हात कोण लावणार? साहेबांनी फोनवर सुनावलं, "या आठवड्यात गाड्या हलल्या नाहीत तर मांडवी बंद." म्हणजे माझी नोकरीही बंद.

शेवटी मीच नारळ उचलला आणि माझं डोकंच फिरलं. नारळ सोलताना शेंडी वेणीसारखी पिळून ठेवायची माझी सवय आहे. हा नारळ माझ्याच स्वयंपाकघरातला होता.

माझे सासरे, धोंडू, त्याच किनाऱ्यावर रिक्षा लावतात. मी ही नोकरी धरल्यापासून माझ्याशी धड बोललेले नाहीत. घरच्या सुनेने आपल्या पोटावर पाय दिला, असं गावभर सांगत फिरतात मेले.

नारळ घरी आणला, फोडला, खवला आणि बांगड्याचं सार केलं. दुपारी सासरे जेवायला आले. भुरके मारत जेवले, वाटी पुढे केली.

"वाढ गो. आज झकास झालाय सार."

लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी माझ्या हातच्या जेवणाचं कौतुक केलं. मी वाढलं आणि म्हटलं, "नारळ तुमचाच आहे, बाबा. स्कूटरवरचा."

त्यांचा हात ताटातच राहिला. चेहरा पांढराफटक.

"मीही तेच जेवले," मी म्हटलं. "आता स्टँडवर जाऊन सांगा, त्या नारळात काही नव्हतं. नाहीतर तुम्ही काय खाल्लंत ते मी सांगते. मग बघू तुमच्या रिक्षात कोण बसतंय."

"सून हायस की वैरीण?"

"तुम्ही ठरवा."

संध्याकाळी सगळ्या रिक्षावाल्यांसमोर ते उभे राहिले. "नारळ मीच ठेवत होतो. सार करून खाल्ला. काय झाला नाय मला." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि हिच्या हातचा जेवण आजपासून बंद."

थोड्या वेळाने कॉलेजच्या दोन मुली स्कूटर घेऊन गेल्या. नोकरी वाचली. मला आनंद व्हायला हवा होता, पण डोळ्यांसमोर ती पुढे केलेली वाटीच येत होती.