डावा भाग बिघडलेला नाही

मित्रांनो, मी एक जुना इअरफोन आहे, आणि माझा डावा भाग बिघडलेला नाही. कधीच बिघडलेला नव्हता. आत्मवृत्तात आधी जन्म सांगायचा असतो हे मला ठाऊक आहे, पण हे वाक्य बोलून टाकल्याशिवाय मला पुढचं काही सुचणार नाही. ज्याच्या कानांसाठी मी जन्मलो, त्या माणसाला डाव्या कानाने कमी ऐकू येत चाललं होतं आणि त्याचं खापर तो माझ्या माथी फोडत होता. मला ते कळत होतं, त्याला कळत नव्हतं. दुसऱ्यांची गाणी ऐकवण्यात माझा जन्म गेला, पण स्वतःचं म्हणून एक वाक्य बोलायची सोय मला कुणी ठेवली नाही. ते दिवस आठवले की अजूनही माझा जीव मेटाकुटीला येतो.

असो. आता जन्म. खोक्यात बंद होऊन दुकानात मांडलेल्या इअरफोनांपैकी मी नाही. एका श्रवणतज्ज्ञ बाईंनी माझ्या मालकाच्या दोन्ही कानांत मऊ लगदा भरला, तो घट्ट होऊ दिला आणि हलकेच बाहेर काढला. कानाच्या आतलं प्रत्येक वळण त्यावर उमटलं होतं. त्या ठशांवरून दुसऱ्या एका कारागीर बाईने माझी दोन कवचं ओतली आणि भिंगाखाली मान मोडेपर्यंत बसून आतल्या केसाएवढ्या तारा जोडल्या. त्यामुळे मी जगात फक्त एकाच माणसाला बसतो. माझा डावा भाग उजव्या कानात घालायला जाल तर तो शिरतच नाही. पुढचा सगळा घोळ यातूनच झाला.

माझ्या मालकाचा दारं-खिडक्या बनवण्याचा लहानसा कारखाना आहे. मित्रमंडळी त्याला कानसेन म्हणत, आणि तसं म्हटलं की स्वारी खूश होई. महागड्या इअरफोनांची तुलना करणं हा त्याचा छंद होता. छंद कसला, वेडच. दर रविवारी दुपारी बाहेरच्या खोलीत बैठक भरे. टेबलावर आम्हा सगळ्यांना ओळीने मांडत आणि मग सुरू होई. याचा खर्ज भरीव आहे पण जरा फुगतो. याचे वरचे सूर स्वच्छ आहेत पण टोचतात. हा वाजतो छान पण तासाभरात कान दुखवतो. गाणं नेहमी एकच, आणि त्याचीही नुसती सुरुवात. ते गाणं मी असंख्य वेळा वाजवलं असेल, पण पहिल्या कडव्यापर्यंत मला कधी कुणी पोहोचू दिलं नाही. गाणारी बाई पुढे काय म्हणते, कोण जाणे. त्यातही जो इअरफोन जरा मोठ्याने वाजे तोच सगळ्यांना सरस वाटे. आधी सगळ्यांचा आवाज सारखा करावा आणि मग तुलना करावी, हे त्या शहाण्यांना माहीत होतं. पण चहा आला की कोण करतो?

तरीही मान्य करतो, सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. ‘हा कानात आहे हे विसरायला होतं,’ असं कानसेन सगळ्यांना सांगे. आणि मग एका रविवारी तो मध्येच थांबला.

“याची डावी बाजू पडल्यासारखी वाटते का रे?” त्याने औषधांचं दुकान असलेल्या मित्राला विचारलं.

“मला कसं कळणार? तुझा हा इअरफोन माझ्या कानात जातच नाही,” मित्र म्हणाला.

झालं. तिथून माझे भोग सुरू झाले. कानसेनाने आधी तारेवर संशय घेतला. तारेची दोन्ही टोकं अदलाबदल करून पाहिली, तरी डावीकडचा आवाज बारीकच. म्हणजे तार ठीक आहे. वा, अगदी शास्त्रीय पद्धत. मग राहिलं काय? माझा डावा भाग आणि त्याचा डावा कान. या दोघांपैकी दोषी कोण, हे ठरवायला त्याला एक क्षणही लागला नाही.

मित्रांनो, तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला असता. पण मला कपाळ नाही आणि हातही नाही.

बरं, दुसऱ्या इअरफोनांमध्येही त्याला डावीकडे कमीच ऐकू येत होतं. त्यांना रबरी टोप्या असतात, ते कुठल्याही कानात बसतात. त्यांच्यावरून तरी डोक्यात प्रकाश पडावा की नाही? पण नाही. “माझ्या डाव्या कानात या टोप्या नीट बसतच नाहीत, कानाची ठेवणच तशी आहे,” असं म्हणून त्याने तेही निकालात काढलं. टोप्या लहान केल्या, मोठ्या केल्या, स्पंजाच्या आणल्या. आवाज वाढवत राहिला तो वेगळाच. मी कानात बसून ओरडत होतो आणि हा माझा खर्ज तपासत होता.

कान कशाने गेला, हे घरात त्याच्या बायकोला माहीत होतं. कारखान्यात रंधा मारायचं मोठं यंत्र आहे. फळी आत सरकली की असा कर्कश आवाज निघतो की शेजारच्या माणसाशी खुणेनेच बोलावं लागतं. दुसऱ्या कुणाच्या हातावर भरवसा नसल्याने कानसेन स्वतः त्या यंत्रापाशी उभा राहतो, आणि यंत्र त्याच्या डाव्या हाताला आहे. कानांवर लावायची जाड आवरणं तिथेच खिळ्याला लटकत असतात. त्यांच्यावर भुशाचा थर बसला आहे.

“अहो, त्या इअरफोनला धूळ लागू नये म्हणून मऊ डबी, डबीत ओल शोषणारी पुडी. आणि स्वतः त्या यंत्रापुढे उघड्या कानांनी उभे राहता,” ती कानीकपाळी ओरडून थकली.

“ती आवरणं दाबतात गं. घाम येतो. तासभर नाही सहन होत.”

ऐकलंत? इअरफोनांच्या आरामावर दुपारभर बोलू शकणारा हा माणूस. माझ्याकडे इतक्या काळजीने पाहायचा की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्याचा कान रोज थोडा थोडा चालला होता, आणि गेलेला कान कुठल्याच कारागिराला ओतता येत नाही.

शेवटी त्याने मला दुरुस्तीला धाडलं. कारागीर बाईने मला उघडलं, तपासलं आणि परत पाठवताना निरोप दिला, की दोष सापडत नाही, कानांचे ठसे नव्याने घ्या. कानसेनाला तर तेच हवं होतं. जुना ठसाच चुकला असणार. लगोलग तो त्या श्रवणतज्ज्ञ बाईंकडे गेला. सुट्टीचा दिवस होता, म्हणून बायको आणि धाकटी लेकही बरोबर आल्या. मी खिशात होतो.

“ठसे घेऊ, पण आधी ऐकण्याची तपासणी,” बाई म्हणाल्या. “मागच्या वेळी तुम्ही करू दिली नव्हती.”

“मला ऐकू येतं हो चांगलं. मला लोक कानसेन म्हणतात.”

“मग पाच मिनिटांत सुटाल.”

त्याला काचेच्या लहान खोलीत बसवलं आणि हातात एक बटण दिलं. सूर ऐकू आला की दाबायचं. उजव्या कानाची तपासणी त्याने झटपट उरकली. मग डाव्या कानाची पाळी आली. बाई बाहेर बसून एकेक सूर सोडत होत्या, आणि सूर सोडला की त्यांच्यासमोर दिवा लागत होता. लेक काचेला नाक लावून पाहत होती; बाहेरचं हे सगळं मला मागाहून तिच्याच तोंडून कळलं. दिवा लागला, विझला. पुन्हा लागला. आत कानसेन बटणावर अंगठा ठेवून छान हसत बसला होता.

“बाबा दाबत का नाहीत?” लेकीने आईला विचारलं.

दिवा लागत राहिला. आत बसून कानसेन थोडा कंटाळला आणि दार किलकिलं करून म्हणाला, “बाई, करा की सुरू.”

“मघाशीच सुरू केलंय,” बाई म्हणाल्या.

मित्रांनो, मी निर्दोष सुटलो होतो. मला आनंद व्हायला हवा होता. पण खिशात मला त्याच्या छातीची धडधड लागत होती, आणि आनंद काही झाला नाही.

बाईंनी बोलून फार वेळ घालवला नाही. जे गेलं ते परत येणार नाही, पण उरलेलं वाचेल, असं त्या म्हणाल्या. इअरफोनचा आवाज कमी ठेवायचा, आणि यंत्रापाशी कान झाकल्याशिवाय एक मिनिटही उभं राहायचं नाही.

“आवरणं सोसत नाहीत ना? मी कानात बसणारी बुचं बनवून देते. तोवर काय घालाल? न दुखता दिवसभर तुमच्या कानात काय राहतं?”

कानसेनाने निमूटपणे मला बाहेर काढलं. बाईंनी मला निरखलं, माझी तार काढून त्याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, “हे चालेल.”

आता बोला. ज्याच्या सुरांवर रविवारच्या रविवार चर्चा झाल्या, त्या माझं बूच झालं. बाईंनी बनवलेली बुचं पुढे आली, पण ‘यांच्यापेक्षा हाच बरा बसतो,’ असं म्हणून कानसेनाने मलाच ठेवलं. तुलना करायची खोड काही गेली नाही. रोज सकाळी मी तारेशिवाय त्याच्या कानांत बसतो. अंगावर भुसा उडतो, कवचावर ओरखडे पडलेत. गाणं नाही, काही नाही. चिडचिड होते, खोटं कशाला सांगू.

पण परवाची गोष्ट ऐका. संध्याकाळी यंत्रं बंद झाल्यावर लेक कारखान्यात आली. कानसेनाने मला काढून हातात धरलं होतं. ती स्टुलावर चढली आणि त्याच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी कुजबुजली.

“हो का? अरे वा,” तो सवयीने म्हणाला.

“काय सांगितलं मी?”

लेक वाट पाहत राहिली. पूर्वी त्याने काहीतरी ठोकून दिलं असतं. या वेळी तो म्हणाला, “नाही गं ऐकू आलं. या कानात सांग.” आणि त्याने मान वळवली.

ती स्टुलावरून उतरली, दुसऱ्या बाजूला गेली, पुन्हा चढली आणि तेच पुन्हा कुजबुजली. ते ऐकून तो जे हसला, ते मी एवढ्या वर्षांत त्याच्या कानात वाजवलेल्या एकाही सुरावर हसला नव्हता. तिने काय सांगितलं ते मला दोन्ही वेळा ऐकू आलं. तुम्हाला मात्र सांगणार नाही.

म्हणून विनंती करतो, मित्रांनो. आम्हा इअरफोनांमध्ये कोण सरस यावर खुशाल भांडा, पण ज्या कानांच्या जिवावर भांडता त्यांना आधी जपा. आमच्यातला एखादा मोडला तर दुसरा बनतो. माझ्या मालकाचा एक कान अजून शाबूत आहे, आणि तो तसाच राहावा म्हणून मी जन्मभर मुका बसायला तयार आहे.