आजोबांनी तोंड फिरवलं

लिम्पोपो नदीच्या अलीकडच्या डोंगरांत पूर्वी एका राजाला दोन मुलगे होते. त्याने राज्याचे दोन वाटे केले. पुढे देवाच्या मनात काय आलं कोण जाणे, दोन्ही गाद्यांवर मुली बसल्या. ओढ्याच्या या काठाला थोरल्याची सेवेला, त्या काठाला धाकट्याची मोसिबुडी. चुलत बहिणी, दोघी राण्या, आणि माघार कशाशी खातात हे दोघींनाही ठाऊक नव्हतं.

सेवेलाने आवाराला दगडी कोट बांधला की मोसिबुडीच्या कोटावर एक थर जास्त चढायचा. मोसिबुडीने मोठा ढोल करवला, तेव्हा सेवेलाने त्याहून असा थोरला कोरून घेतला की तो बाहेर काढायला कारागिराचं कुंपण मोडावं लागलं.

"वाजतो का पण?" मोसिबुडीने निरोप धाडला.

"निरोप आला, म्हणजे तुला ऐकू गेला," असं उत्तर गेलं.

प्रजेलाही याची गोडी होती. राणी ताठ मानेची असली की तिची माणसंही दोन बोटं उंच चालतात.

दोघींची आत्या मात्र एकच, माफुटी. आमच्याकडे राजापेक्षा राजाची बहीण मोठी, कारण पूर्वजांशी बोलायचं ते तिच्याच तोंडाने. पेरणीआधी डोंगरावर जाऊन तिने नाचणीची दारू वाहायची, मगच कुदळ जमिनीला लागायची. आमच्या पूर्वजांना दारू चालते. ते भाव बघतात, भांड्यात काय आहे ते नाही. दरवर्षी आत्या सकाळी एकीची घागर वाही, दुपारी दुसरीची. त्या वर्षी मात्र तिने सांगून टाकलं, "माझे गुडघे डोंगर एकदाच चढतील. दोघींची नाचणी एका घागरीत भिजवा, आणि दोघी या."

दोघीही हटून बसल्या. पण बसणं दोघींना सारखं परवडणारं नव्हतं. मोसिबुडीची जमीन काळी, महिनाभर ओल धरणारी. सेवेलाची रेताड. पाऊस पडून गेला होता, आणि पाणी वाळूतून खाली चाललं होतं.

"आई, वाफसा चालला, पेरणीची ओल जातेय," सेवेलाचा कारभारी म्हणाला. "हा हुकला तर यंदा दाणा नाही. लोक पलीकडे जायच्या गोष्टी करतायत."

"कुणी कुठे जात नाही," सेवेला उठत म्हणाली. "मी जाते. मोसिबुडीची नाचणी मागवा, एकाच घागरीत भिजवा."

दारू तयार झाली त्या दिवशी दोन्ही काठांची माणसं डोंगराशी जमली. वर मोसिबुडी आधीच चटईवर ऐसपैस बसली होती. तपकिरीची चिमूट नाकाशी नेत ती म्हणाली, "या सेवेलाबाई. रेतीला तहान लागली वाटतं?"

"लागली खरी. तुझ्या चिखलात रुतलेली कुदळ निघेपर्यंत माझ्याकडे कणसं येतात. म्हणून घाई."

"झालं तुमचं?" आत्या म्हणाली. "आता पोटातलं काढा. मनात अढी ठेवून वाहिलेलं पूर्वज घेत नाहीत. एकीने बोलायचं आणि चूळ टाकायची. दुसरीने तोवर तोंडात पाणी धरायचं. उत्तर द्यायचं नाही."

"जिला घाई, तिने आधी," मोसिबुडी म्हणाली.

पहिली चूळ म्हणजे पहिली माघार, हे सगळ्यांना कळत होतं. सेवेलाने शांतपणे पाण्याने भरलेली भोपळ्याची पळी उचलली.

"माझ्या बापाच्या मयताला तू आली नाहीस. दूरदूरची माणसं आली, तुझा ढोलसुद्धा आला नाही. ते मला अजून सलतं."

आणि तिने पाणी तोंडात घेऊन लांब चूळ टाकली. मोसिबुडीचे गाल फुगले होते, त्यामागे उत्तर धडका देत होतं. पाणी टाकल्यावर तोंड पुसून ती म्हणाली, "माझ्या मनात काही नाही. माझं पोट स्वच्छ आहे."

लोक हळहळले. एकटी सेवेलाच कुढी ठरली.

आत्याने घागर लाकडी परातीत रिती केली आणि गाणं धरलं,

"उठा हो बाबा, लेकरं आली,
घागर दोघींची एकच झाली."

काळ्या बैलाला पुढे आणलं. त्यालाच आम्ही आजोबा म्हणतो, कारण पूर्वज त्याच्या तोंडाने पितात. बैल वाकला. त्याने परात हुंगली. मग सरळ मोसिबुडीकडे शेपूट करून तोंड फिरवलं.

कुणी म्हणेल, ओलं गवत खाऊन त्याचं पोट भरलं होतं. असेल. पण नेमकं त्याच दिवशी त्याचं पोट कुणी भरलं, हेही त्या म्हणणाऱ्याने सांगावं.

"मोसिबुडी," आत्या म्हणाली, "स्वच्छ पोट जरा परत धू बाई."

सेवेलाने तोंडात पाणी धरलं. मोसिबुडी बोलली तेव्हा तिच्या आवाजातला तोरा उतरला होता.

"मी आले होते मयताला. ओढ्यापर्यंत. तुमच्याकडे शोकगीत चाललं होतं. काकांना न्यायला या म्हणून बायका घरातल्या एकेका गेलेल्याला हाक मारत होत्या. मी वाट बघत उभी राहिले. माझ्या बापाला हाक आलीच नाही. सख्खा भाऊ तो. मी तिथूनच परतले."

मोसिबुडीने चूळ टाकली. सेवेलाच्या तोंडात अजून पाणी होतं. ते गीत पुढे राहून तिनेच गायलं होतं. मोसिबुडीच्या बापाचं, खाशानेकाकांचं नाव चुकून राहिलं नव्हतं. धाकट्या घराचं नाव माझ्या अंगणात नको, म्हणून तिनेच ते गाळलं होतं. आता सबबी पुष्कळ सुचत होत्या, पण तोंड भरलेलं. देवाने माणसाला शहाणपण द्यायचं ठरवलं की आधी तो तोंड बंद करतो.

तिने चूळ टाकली. आत्या पुन्हा गाण्याला सुरुवात करणार, तोच तिने हात वर केला आणि आपल्या खणखणीत गळ्याने स्वतःच हाक दिली,

"खाशानेबाबा, पुढे तुम्ही या,
मालेसेलाबाबांचा हात धरून या."

धाकट्याचं नाव आधी, तिच्या स्वतःच्या बापाचं मागून.  मग पलीकडच्या काठाच्या बायकांनी ते पद उचललं, मागोमाग अलीकडच्यांनी. शेवटी मोसिबुडीनेही, जरा बेसूर, पण मोठ्याने.

आजोबा वळले. परातीत तोंड घातलं ते रिकामी करूनच वर काढलं.

मोसिबुडी चटईवरून उठली, डोळे पुसले आणि लगेच कमरेवर हात ठेवले. "आधी तुझी रेती पेरू. माझी माणसं उजाडताच कुदळी घेऊन येतील. माझी काळी जमीन थांबते, तिला रीत कळते."

"ये. नाचणीचा घाटा आणि मेजवानीच्या वाळवलेल्या अळ्या माझ्याकडून. पोटभर."

"पण कापणीला मी पुढे असणार. सांगून ठेवते."

"बघू की," सेवेला म्हणाली. "ढोल ऐकू आला म्हणजे समज, माझी झाली."